स्खलनोत्तर आजारावर रुग्णांनी संशोधन कसे उभे करावे

पोस्ट-ऑर्गॅझमिक इलनेस सिंड्रोम, म्हणजेच पॉइस, या आजारात वीर्यस्खलनानंतर काही क्षणांत, काही मिनिटांत किंवा काही तासांत कणकण, अंगदुखी, कमालीचा थकवा, डोळ्यांची जळजळ, नाक चोंदणे, शब्द न आठवणे, चिडचिड अशी लक्षणे सुरू होतात. ती साधारण दोन ते सात दिवस टिकून आपोआप ओसरतात. नेदरलँड्समधील मार्सेल वाल्डिंगर आणि डेव्ह श्वाइत्झर यांनी २००२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याचे प्रथम वर्णन केले. रुग्ण थोडे आणि विखुरलेले असतात, त्यातून विषय संकोचाचा. त्यामुळे एकाच डॉक्टरकडे अभ्यासापुरते रुग्ण जमतील याची वाट पाहण्यात अर्थ नाही. रुग्णांनाच एकत्र येऊन पाया घालावा लागतो, आणि त्या पायात पहिला दगड पैशांचा नसून व्याख्येचा असतो.

आपल्या गटात कोणाला रुग्ण म्हणायचे, हे आधी लेखी ठरवा. त्यासाठी वाल्डिंगर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४५ डच पुरुषांच्या अभ्यासातून मांडलेले पाच निकष हाताशी आहेत: ठरावीक प्रकारच्या लक्षणांपैकी किमान एक असणे, ते स्खलनानंतर लगेच किंवा काही तासांत उद्भवणे, नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा उद्भवणे, दोन ते सात दिवस टिकणे, आणि आपोआप नाहीसे होणे. २०१९ मध्ये हे निकष रुग्णांनी स्वतः दिलेल्या माहितीवर तपासून पाहणारा अभ्यासही प्रसिद्ध झाला. निकषांत न बसणाऱ्यांना गटाबाहेर काढू नका. त्यांची नोंद वेगळ्या वर्गात ठेवा, कारण उद्या निकष बदलले तर हीच माणसे महत्त्वाची ठरतील. स्त्रियांमधील अनुभवही याच न्यायाने नोंदवावेत. लक्षणे पहिल्या स्खलनापासूनच होती की आयुष्यात पुढे कधीतरी सुरू झाली, हा प्रश्न प्रत्येकाला विचारलाच पाहिजे. संशोधक या दोन प्रकारांत फरक करतात.

यानंतर सर्वांनी एकाच नमुन्याची नोंदवही किमान तीन महिने ठेवावी. माझ्या मते रुग्णगटाच्या हातातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे, आणि कंटाळवाणे असल्यामुळे तेच सर्वांत लवकर अर्धवट सुटते. स्खलनाची वेळ, ते समागमात, हस्तमैथुनात की झोपेत झाले, पहिले लक्षण किती वेळाने जाणवले, प्रत्येक लक्षणाची तीव्रता शून्य ते दहा या मोजपट्टीवर किती, झोप किती झाली, कोणते औषध किंवा मद्य घेतले, सर्दी-तापाची साथ अंगावर होती का, हे सारे त्याच दिवशी लिहावे. आठवडाभराने आठवून लिहिलेल्या नोंदीत आपला अंदाज नकळत मिसळतो. आणि ज्या दिवशी काहीच झाले नाही, तो दिवसही लिहावा. बऱ्या दिवसांची नोंद नसेल तर वाईट दिवस किती वाईट, हे मोजताच येत नाही.

ही माहिती अत्यंत खासगी आहे. सहभागी प्रौढ असावेत, प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्यावा, नावांची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी आणि कोणालाही कारण न सांगता माघार घेता यावी. नमुने किंवा चाचण्यांचा विषय आला की संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. मानवी संशोधनाची ही शिस्त जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून दृढ होत आली आहे.

कारणाच्या प्रश्नात विशेष सावध राहावे. २०११ च्या त्याच अभ्यासात ३३ जणांच्या त्वचेवर त्यांच्याच पातळ केलेल्या वीर्याची चाचणी केली असता २९ जणांत प्रतिक्रिया दिसली, आणि त्यावरून हा प्रतिकारयंत्रणेचा आजार असावा, असे मत मांडले गेले. दोन रुग्णांवर त्याच द्रव्याच्या वाढत्या मात्रा इंजेक्शनने देऊन शरीराला सवय लावण्याचा उपचारही झाला; १५ आणि ३१ महिन्यांत दोघांनाही बराच आराम पडला. परंतु त्या उपचाराला तुलनेसाठी प्लासिबो गट, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ उपचार घेणारा गट, नव्हता, आणि २०१५ मध्ये चीनमधील एका रुग्णाच्या तपासणीत वीर्याविरुद्ध आयजीई (ॲलर्जीत भाग घेणारे रक्तातील प्रतिपिंड) प्रकारच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही. म्हणून गटाने संशोधकाकडे जाताना ‘आमची ॲलर्जी सिद्ध करा’ असे न म्हणता, ‘निरोगी व्यक्तींशी तुलना करून प्रतिकारयंत्रणेचा संबंध आहे की नाही, ते तपासा’ अशी मागणी करावी. ही त्वचा-चाचणी किंवा ही इंजेक्शने घरी करून पाहण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते.

पैसा व्यक्तीच्या खात्यात कधीही गोळा करू नये. दुर्मिळ आजारांवर काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे या आजाराच्या नावाने राखीव निधी उघडणे हा स्वच्छ मार्ग आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसऑर्डर्स या संस्थेकडे पॉइससाठी असाच निधी देणग्यांतून उभा राहिला. अशा व्यवस्थेत संशोधकांकडून प्रस्ताव मागवले जातात आणि त्यांची छाननी तज्ज्ञ करतात, त्यामुळे सर्वांत मोठा देणगीदार आपल्या आवडत्या कल्पनेला पैसा वळवू शकत नाही. अनुदानाच्या करारात दोन अटी असाव्यात: अभ्यासाची पद्धत सुरुवातीलाच सार्वजनिक नोंदणीत मांडावी, आणि निष्कर्ष नकारात्मक आला तरी तो प्रसिद्ध करावा.

संशोधकाला पहिल्या भेटीत दोन पानांचे टिपण द्यावे: किती जण निकषांत बसतात, किती जणांच्या नोंदवह्या पूर्ण आहेत, किती जण रक्त देण्यास तयार आहेत. मग रक्तनमुन्यांच्या वेळा एकत्र ठरवाव्यात: स्खलनापूर्वी लक्षणे नसताना एक, लक्षणे भरात असताना एक, आणि पूर्ण बरे वाटल्यावर एक, तिन्ही एकाच प्रयोगशाळेत. येथे गटाने सहभागींच्या बाजूने ठाम उभे राहिले पाहिजे, कारण मधल्या नमुन्यासाठी माणूस जाणूनबुजून कित्येक दिवसांचे आजारपण ओढवून घेतो. ते दिवस त्याची परीक्षा, नोकरीतील जबाबदारी आणि घरातील प्रसंग पाहून त्यानेच निवडावेत, त्या काळात गाडी चालवून प्रयोगशाळेत येण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, आणि बुडालेल्या कामाची भरपाई अभ्यासाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेली असावी.