केबिनमध्ये, खाली की कुठेच नाही? ग्राउंड स्टाफमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बंदी असलेल्या वस्तूंची यादी तुम्हाला रुजू होताच मिळेल. चाकू, कात्री, फटाके, लायटर, आंतरराष्ट्रीय विमानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली. ती इथे परत लिहीत नाही. यादी तोंडपाठ असूनही काउंटरवर समोरचा प्रवासी "का?" म्हणाला की तोंडातून शब्द फुटत नाही, ती अवस्था मला अजून आठवते. त्यासाठी हे लिहितेय.

यादीमागे दोन निरनिराळ्या भीती आहेत. पहिली म्हणजे कुणी मुद्दाम घात करेल. जून १९८५ मध्ये एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात स्फोटकं असलेली बॅग चढली, तिचा मालक चढलाच नाही, आणि ३२९ माणसं गेली. बीसीएएस (विमान सुरक्षेचे नियम ठरवणारी सरकारी संस्था), तपासणी करणारे सीआयएसएफचे जवान, बॅग आणि प्रवासी यांचा मेळ घालणं, हे सगळं या भीतीपोटी. दुसरी भीती म्हणजे कुणाच्याही मनात काही नसताना वस्तू आपोआप पेटेल. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला आग लागली आणि दोन्ही वैमानिक गेले. डीजीआर, म्हणजे धोकादायक मालाचे नियम, शिकवतात ते यासाठी.

आता वस्तू हातात घ्या आणि दोन्ही प्रश्न विचारा: हिने कुणी घात करू शकेल का, आणि ही आपोआप पेटेल का? चाकू माणसाच्या हातात धोकादायक, खालच्या कप्प्यात निरुपद्रवी, म्हणून तो चेक-इन बॅगेत जातो. पॉवर बँकेचं नेमकं उलटं. केबिनमध्ये तिच्यातून धूर आला तर क्रूला दिसतो, विझवायला हात पोहोचतात. खाली पेटली तर तिथे कोण जाणार? म्हणून ती केबिनमध्येच. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची लागते, त्यावर नाहीच. हिशेब सोपा आहे. एमएएचला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा: २०,००० एमएएचची बँक म्हणजे २० गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॅट-तास. चालते. ३०,००० ची १११ होते, तिथे थांबा आणि विचारा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त वाद होतो तो सुक्या खोबऱ्यावरून. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आजी खोबऱ्याच्या वाट्या घेऊन येतात आणि म्हणतात, "अगं बाळा, खोबरंच आहे, बॉम्ब नाही." आजींचं बरोबरच असतं, पण त्या पहिल्या भीतीबद्दल बोलत असतात. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या ४.२ वर्गात येतं. ना वर, ना खाली. हे दोन वाक्यांत, आवाज न चढवता सांगितलं की बहुतेक आजी ऐकतात. "नियम आहे" एवढंच म्हणालात तर भांडण ठरलेलं.

आणि आता मी जिथे अडकले होते ती जागा. बोर्डिंग गेट.

विमान भरलेलं असतं, वरचे कप्पे पुरणार नसतात. मग गेटवर काही केबिन बॅगांना टॅग लावून त्या खाली पाठवतात. नव्या माणसाला वाटतं, ही बॅग सीआयएसएफच्या तपासणीतून आलीय, आता हिच्यात काय बघायचं? मलाही तसंच वाटायचं. पण ती तपासणी ही बॅग केबिनमध्ये जाणार असं धरून झालेली असते. पॉवर बँक तिच्यात आहे आणि नियमानुसारच आहे. तुम्ही टॅग लावला त्या क्षणी तीच पॉवर बँक चुकीच्या जागी निघाली. बॅग तीच, वस्तू तीच, फक्त जागा बदलली, आणि ती बदलणारे तुम्ही. तुमच्यानंतर ती बॅग थेट लोडरच्या हातात जाते.

म्हणून टॅग लावायच्या आधी विचारा, प्रत्येकाला विचारा, उशीर झाला असला तरी विचारा. आणि नाव घेऊन विचारा. "काही बंदी असलेलं आहे का?" याला सगळे नाहीच म्हणतात, कारण त्यांच्या मते काहीच नसतं. "पॉवर बँक, कॅमेऱ्याची सुटी बॅटरी आहे का?" असं विचारलं की हात चेनकडे जातो. ती तुमच्यासमोर बाहेर काढू द्या. औषधं आणि पासपोर्टही काढून घ्यायला सांगा, उतरल्यावर ते दुवा देतील. सुपरवायझर मागून "लवकर, लवकर" करत असेल. करू दे. विमान दोन मिनिटं उशिरा सुटलं तर मेमो मिळेल, मेमोने कुणी मरत नाही.

परीक्षेच्या तयारीबद्दल माझं मत कडक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे प्रश्नसंच पाठ करून पास होता येतं, पण आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) डीजीआरची नवी आवृत्ती दर १ जानेवारीला लागू होते आणि संच जुनेच फिरत राहतात. लाखभर फी घेऊन 'नोकरी पक्की' म्हणणाऱ्या डिप्लोमावाल्यांपासूनही जपा. आईवडिलांचे पैसे असतात ते. फी भरण्याआधी एवढंच विचारा, की डीजीआर आणि एव्हसेकचं (विमान सुरक्षेचं) प्रशिक्षण मान्यताप्राप्त आहे का, कागद दाखवा. तसंही कामाला लागल्यावर कंपनीला हे प्रशिक्षण तुम्हाला द्यावंच लागतं, आणि डीजीआर दर दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं.

शिकायचं असेल तर जुन्या लोडरदादांशी बोला. कुठल्या बॅगेचा वास येतो, कुठली वजनाला विचित्र लागते, हे त्यांना हात लावताच कळतं. मला त्यांनी जे शिकवलं ते वर्गात कुणी शिकवलं नाही.

सुरुवातीचे महिने जड जातात. रात्रपाळी, उभं राहून सुजलेले पाय, प्रवाशांची बोलणी. रडू आलं तर येऊ द्या, सगळ्यांना येतं. हळूहळू बॅग समोर आली की दोन्ही प्रश्न आपसूक मनात येऊ लागतात आणि यादी आठवावी लागत नाही. तोवर अडलात तर अंदाजाने हो म्हणू नका. बॅग बाजूला ठेवा, सीनियरला बोलवा, आणि प्रवाशाला सांगा, "विचारून सांगते."