गिनीपिगची चिवट सर्दी : औषध बदलण्याआधी काय तपासावे

गिनीपिगला सर्दी झाली, पाच दिवस औषध दिले, शिंका थांबल्या आणि औषध बंद होताच आठवडाभरात आजार उलटला, अशी तक्रार कोल्हापुरातल्या पाळणाऱ्यांकडून पावसाळ्यात हमखास ऐकू येते. अशा वेळी आणखी ‘स्ट्राँग’ अँटिबायोटिक मागण्याकडे आपला कल असतो. तो आवरलेला बरा, कारण संसर्ग हटत नाही त्यामागे जंतूचा चिवटपणा हे एकच कारण क्वचितच असते. अपुरा कोर्स, अर्धवट निदान, पिंजऱ्यातली कोंदट हवा, क जीवनसत्त्वाची कमतरता आणि पोटात न जाणारा चारा यांपैकी दोन-तीन गोष्टी बहुधा एकत्र आलेल्या असतात. त्या कोणत्या क्रमाने तपासाव्यात आणि घरी नेमके काय करावे, ते पुढे दिले आहे. औषध आणि त्याचा डोस मात्र पशुवैद्यकाने तपासूनच ठरवायचा आहे.

सर्वांत आधी आजाराचे गांभीर्य ओळखावे. गिनीपिग मुख्यतः नाकानेच श्वास घेतो. त्यामुळे तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला, प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ किंवा हिरड्या निळसर दिसू लागल्या, किंवा त्याने सलग बारा तास काहीच खाल्ले नाही, तर पुढचे वाचत न बसता त्याला दवाखान्यात न्यावे. स्वस्थ बसलेल्या निरोगी गिनीपिगचा श्वास मिनिटाला साधारण ४० ते १०० वेळा चालतो. तो झोपेत असताना घड्याळ लावून मोजून ठेवला, तर आजारपणात तुलनेला आधार मिळतो. आंघोळ करताना, म्हणजे स्वतःला चाटून-पुसून साफ करताना, त्याच्या डोळ्यांतून दुधासारखा पांढरा द्रव येतो. ते आजाराचे लक्षण नव्हे. डोळ्याच्या कडेला साचून वाळलेली पिवळट चिकट पापडी हे मात्र लक्षण आहे. त्याहूनही बोलकी खूण पुढच्या पायांवर असते. गिनीपिग वाहते नाक पुढच्या पंजांनी पुसतो, त्यामुळे नाक कोरडे दिसत असतानाही पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून कडक झालेले आढळतात. रोज पंजे उलटून पाहण्याची सवय लावावी.

दुसरे काम वजनाचे. शिकार होणारा प्राणी आजार लपवतो, म्हणून डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा होतो. त्यावर उथळ डबा ठेवून काटा शून्यावर आणावा आणि रोज एकाच वेळी, सकाळच्या खाण्याआधी, वजन घेऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत लिहावे. प्रौढ गिनीपिगचे वजन सुमारे ७०० ते १२०० ग्रॅम असते. एका दिवसात दहा-वीस ग्रॅमचा फरक पडतोच, पण सलग तीन दिवस आकडा उतरत असेल तर डॉक्टरांना कळवावे, आणि मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली असेल तर ती गंभीर मानावी. औषध लागू पडते आहे की नाही, हे शिंकांच्या संख्येपेक्षा या नोंदींवरून लवकर कळते.

आता अँटिबायोटिकविषयी, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. गिनीपिगच्या आतड्यातले पचन करणारे जंतू विशिष्ट प्रकारचे असतात. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि तोंडावाटे दिली जाणारी सेफालोस्पोरिन गटातली औषधे या जंतूंचा समतोल बिघडवतात. मग क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू वाढून विष तयार करतात आणि काही दिवसांतच प्राणी दगावू शकतो. कुत्र्यामांजरांसाठी अमॉक्सिसिलिन सर्रास वापरले जाते, घरात मुलांच्या सर्दीखोकल्याची उरलेली बाटलीही बहुधा त्याचीच असते, म्हणून हे नाव विशेष लक्षात ठेवावे. गिनीपिगसाठी सहसा एन्रोफ्लॉक्सॅसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा किंवा डॉक्सिसायक्लिन यांचा विचार केला जातो. आपला जिल्हा दुधाचा. इथल्या बऱ्याच पशुवैद्यकांचा दिवस गाई-म्हशी आणि कुत्री तपासण्यात जातो, त्यामुळे चिठ्ठी घेताना ‘हे औषध गिनीपिगला तोंडावाटे चालते ना?’ असे नम्रपणे विचारण्यात काहीच गैर नाही. चांगला डॉक्टर त्या प्रश्नाने रागावत नाही.

कोर्स किती दिवसांचा, हा पुढचा प्रश्न. छातीपर्यंत गेलेला संसर्ग पाच दिवसांत बरा होईल अशी अपेक्षा धरू नये. दोन आठवडे औषध देणे नेहमीचे आहे, आणि न्यूमोनिया असेल तर त्याहून अधिक काळही लागतो. लक्षणे गेल्यावर लगेच औषध थांबवल्यामुळेच पुष्कळदा आजार उलटतो. दिवसातून दोनदा द्यायचे औषध बारा-बारा तासांनी द्यावे. सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच असे सोयीचे वेळापत्रक करू नये. प्रोबायोटिक, म्हणजे पचनाला मदत करणाऱ्या जंतूंचे औषध, सांगितले असेल तर ते अँटिबायोटिकसोबत न देता दोन तासांचे अंतर ठेवून द्यावे. या काळात लेंड्यांकडेही लक्ष असावे: त्या लहान, कमी किंवा मऊ होऊ लागल्या तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. दुसरीकडे, ४८ ते ७२ तासांत काहीच फरक दिसला नाही, तर कोर्स संपण्याची वाट पाहत बसू नये.

फरक पडत नसेल किंवा आजार दुसऱ्यांदा उलटला असेल, तर औषध बदलण्याआधी तपासण्यांचा आग्रह धरावा. नाकातल्या स्रावाचा स्वॅब घेऊन कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी केली, की जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालते, हे कळते. स्वॅब नाकाच्या टोकावरून नव्हे तर शक्य तितका आतून घ्यावा लागतो, आणि चालू अँटिबायोटिकमुळे निकाल चुकू शकतो, म्हणून तो केव्हा घ्यायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. छातीचा एक्स-रे आडवा आणि उताणा अशा दोन बाजूंनी काढलेला असावा. धाप लागलेल्या प्राण्याला मात्र आधी ऑक्सिजन देऊन स्थिर करावे लागते, नाहीतर एक्स-रेसाठी धरताना होणारी ओढाताणच त्याला झेपत नाही. दात तपासायला आवर्जून सांगावे. गिनीपिगचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात; वरच्या दातांची मुळे नाकाच्या पोकळीकडे सरकली किंवा तिथे पू झाला, की एकाच नाकपुडीतून येणारा स्राव महिनोन् महिने थांबत नाही आणि कोणत्याही अँटिबायोटिकने तो तात्पुरताच कमी होतो. हृदयविकार आणि फुप्फुसातली गाठ यांचीही लक्षणे ‘न हटणाऱ्या सर्दी’सारखीच दिसू शकतात. एखादी तपासणी कोल्हापुरात होऊ शकली नाही, तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा पुण्यात पाठवायचे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि जाण्याआधी फोन करून सोय आहे का, याची खात्री करून घ्यावी.

संसर्ग आला कुठून, हेही शोधावे. बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका हा जंतू गिनीपिगच्या न्यूमोनियाचे प्रमुख कारण आहे, आणि तो सशांच्या व कुत्र्यांच्या श्वासमार्गात कसलेही लक्षण न दाखवता राहू शकतो. स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई हे दुसरे महत्त्वाचे नाव. ससा आणि गिनीपिग एकाच पिंजऱ्यात ठेवलेले आपल्याकडे दुकानांतही दिसतात आणि घरांतही. दिसायला ती जोडी गोड असली तरी आजार बरा व्हायचा असेल तर दोघांना वेगळे करावेच लागते. घरात कुत्रा असेल तर त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुऊनच गिनीपिगला उचलावे. आजारी गिनीपिगचा जोडीदार असेल तर दोघे बराच काळ एकत्र राहिलेले असतात, म्हणून त्याचीही तपासणी करून घ्यावी. पिंजरे वेगळे केले तरी एकमेकांचा आवाज कानावर पडेल इतके जवळ ठेवावेत, कारण एकटा पडलेला गिनीपिग खाणे कमी करतो.

यानंतर पिंजऱ्याकडे वळावे. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, पिंजऱ्यात अंथरायचे मऊ फ्लीसचे कापड दोन दिवस वाळत नाही आणि मूत्रातून सुटणारा अमोनिया खिडक्या बंद असलेल्या खोलीत तसाच साचतो. हा अमोनिया श्वासनलिकेच्या आतल्या सूक्ष्म केसांना इजा करतो, आणि स्राव बाहेर ढकलण्याचे काम याच केसांचे असते. आपल्याला उभ्याने वास येत नाही म्हणून हवा चांगली आहे असे समजू नये. खाली वाकून, गिनीपिगचे नाक असते त्या उंचीवर स्वतः वास घेऊन पाहावा. ओला भाग रोज काढावा, पावसाळ्यात पूर्ण बिछाना एक दिवसाआड बदलावा, त्यासाठी फ्लीसचे तीन-चार तुकडे हाताशी ठेवावेत, आणि पिंजरा फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा टेबलावर ठेवावा. लाकूड वखारीतला भुसा स्वस्त मिळतो, पण त्याची धूळ नाकात जाते आणि देवदार किंवा कच्च्या पाइनचा भुसा तर स्वतंत्रपणेच त्रासदायक असतो. वाळलेले गवत देण्यापूर्वी गच्चीत झटकावे, आणि त्याला बुरशीचा कुबट वास असेल तर ते सरळ फेकून द्यावे.

धुराचे म्हणाल, तर उदबत्ती, डासांची कॉइल आणि फोडणीचा ठसका हे तिन्ही त्याला बाधतात. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणून घरात मिरच्या भाजल्या जातात, त्या दिवशी पिंजरा शेजारच्या घरी हलवलेला उत्तम. तान्ह्या बाळाला देतात तशी ओव्याची धुरी, छातीला चोळायचा बाम किंवा निलगिरीचे तेल यांपैकी काहीही गिनीपिगजवळ नेऊ नये. खोलीचे तापमान १८ ते २४ अंशांच्या आसपास राहिले तर चांगले. हिवाळ्यातल्या पहाटे गारठा लागू नये म्हणून लपायला गवताने भरलेले खोके द्यावे आणि पंख्याचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये.

वाफेऐवजी नेब्युलायझरचा उपयोग होतो. दम्याच्या रुग्णासाठी मेडिकलमध्ये मिळते तेच यंत्र चालते, मात्र नळी आणि मास्क माणसांसाठी वापरलेले नसावेत. प्रवासाच्या पेटीत टॉवेल अंथरून गिनीपिगला बसवावे, पेटीवर कापड टाकून एक बाजू हवेसाठी उघडी ठेवावी आणि ०.९ टक्के सलाईनचे बारीक धुके पंधरा-वीस मिनिटे आत सोडावे. नळाचे किंवा आरओचे पाणी त्यात घालू नये. नेब्युलायझरमधून द्यायचे औषध डॉक्टरांनी वेगळे लिहून दिले तरच वापरावे. नंतर अंग कोरडे करून लगेच खायला द्यावे. नाक मोकळे झाल्यामुळे त्याला गवताचा वास येतो आणि तो बऱ्याचदा स्वतःहून गवत चावायला लागतो.

खाणे बंद झाले असेल तर हाताने भरवण्याला पर्याय नाही, कारण गिनीपिगचे पोट रिकामे राहिले की आतड्यांची हालचाल थांबते आणि सर्दीऐवजी तेच मृत्यूचे कारण होते. क्रिटिकल केअरसारखी आजारी प्राण्याला भरवायची तयार पावडर मिळाली नाही, तर त्याच्या नेहमीच्या पेलेट्स (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) मिक्सरमध्ये बारीक करून कोमट पाण्यात भिजवाव्यात आणि पातळ पिठल्याइतके सरबरीत करावे. सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज घेऊन तिचे टोक थोडे कापावे आणि कडा घासून गुळगुळीत करावी. गिनीपिगला टॉवेलात गुंडाळून मांडीवर चारी पायांवर बसवावे. त्याला कधीही उताणे धरू नये. पुढच्या दातांच्या मागे गालाकडच्या बाजूला जी मोकळी जागा असते, तिथून सिरिंज तिरकी आत सरकवावी, अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी सोडावे आणि थांबावे. जबडा आडवा हलू लागला, कानाची पाळी त्या तालावर हलताना दिसली, की तो चावतो आहे. गिळून झाल्यावरच पुढचा घास द्यावा. घाईने ढकललेले अन्न श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया वाढतो. काहीच न खाणाऱ्या गिनीपिगला दिवसभरात वजनाच्या किलोमागे साधारण ५० ते ८० मिलिलिटर, पाच-सहा वेळांत विभागून द्यावे लागते; तो थोडे खात असेल तर त्या प्रमाणात कमी करावे. धाप लागलेली असताना मात्र भरवू नये.

माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. निरोगी प्राण्याला किलोमागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम आणि आजारी प्राण्याला ३० मिलिग्रॅमपर्यंत त्याची गरज असते. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत ते साधारण ८० मिलिग्रॅम असते, म्हणजे अर्धी मध्यम मिरची, बिया काढून, त्याला दिवसाला पुरते. पेरूत ते याहून जास्त असते, पण साखरही असते, म्हणून एखादी लहान फोडच द्यावी. कोथिंबीर रोज चालते. पाण्यात मिसळलेले क जीवनसत्त्व काही तासांत निकामी होऊ लागते आणि चव बदलल्यामुळे तो पाणी कमी पितो, ते वेगळेच. पेलेट्समधले जीवनसत्त्वही उत्पादनानंतर साधारण तीन महिन्यांत बरेचसे नष्ट होते, त्यामुळे पाकिटावरची तारीख पाहूनच खरेदी करावी. ५०० मिलिग्रॅमची चघळण्याची गोळी घरात असेल तर तिचा विसावा भाग म्हणजे २५ मिलिग्रॅम होतो, हा हिशेब ध्यानात ठेवावा. अख्खी गोळी खिलवू नये.

एवढे करूनही काही गिनीपिगच्या फुप्फुसांत किंवा नाकाच्या हाडांत झालेला बिघाड कायमचा राहतो आणि हवा बदलली की शिंका परत येतात. वजन स्थिर असेल, भूक चांगली असेल आणि श्वास शांत असेल, तर अशा प्रत्येक शिंकेवर नवे अँटिबायोटिक सुरू करणे मला योग्य वाटत नाही. सलाईनचे नेब्युलायझेशन, कोरडा बिछाना आणि डॉक्टरांकडे नियमित तपासणी एवढ्यावर तो व्यवस्थित जगू शकतो. कोर्स संपल्यावर निदान दोन आठवडे वजनाची रोजची नोंद चालू ठेवावी, न्यूमोनिया झाला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक्स-रे पुन्हा काढून घ्यावा, आणि वेगळ्या ठेवलेल्या जोडीदाराला त्यानंतरच, दोघांचेही पंजे कोरडे आणि स्वच्छ असल्याचे पाहून, परत एकत्र आणावे.