समुद्र दारात आहे म्हणून टाकी जगत नाही: मासे-प्रवाळांची खाऱ्या पाण्याची पहिली टाकी लावताना या चुका टाळा

रत्नागिरी, देवगड, मालवण, अलिबाग, कुठूनही फोन आला तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, मग मीठ विकत कशाला घ्यायचं?" पुण्यातला माणूस हे विचारत नाही. त्याला पाणी घरीच बनवावं लागतं, त्यामुळे तो निदान मीठ मोजायला शिकतो. आपल्याला समुद्र रोज दिसतो आणि रोज दिसतो म्हणून तो कळतो असंही वाटतं. किनाऱ्यावरच्या कितीतरी टाक्या या भरवशापायी जातात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

किनाऱ्यावरून बादलीने आणलेलं पाणी

कोरलला (प्रवाळाला) सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, ३५ च्या आसपास लागते, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) हाच खारटपणा विशिष्ट गुरुत्वाच्या मापात १.०२५ ते १.०२६ दिसतो. तो रोज तसाच राहायला हवा. आपल्या किनाऱ्याजवळचं पाणी तसं राहत नाही. जून ते सप्टेंबर वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या सह्याद्रीवरचा पाऊस आणून खाडीत ओततात. ऑगस्टमध्ये भाट्याच्या पुळणीवर उभं राहून पाण्याचा रंग बघा. ते पाणी गढूळ असतं आणि खारटपणाही उतरलेला असतो. उन्हाळ्यात पाणी निवळतं, पण बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो, मासळी धुतलेलं पाणी असतं, गटारं असतात. नुसत्या डोळ्यांना यातलं निम्मंही दिसत नाही.

आणि पाणी चांगलं असलं तरी ते घरी कशातून आणलं, हे कुणी विचारात घेत नाही. देवगडकडचा एक मुलगा फार मन लावून टाकी करत होता. त्याने हिवाळ्यात होडीने पार बाहेर जाऊन पाणी आणलं, खाडीपासून लांब, भरतीच्या वेळी. सॅलिनिटी बरोबर ३५. सायकलिंगही, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत वसवणं, नीट झालं होतं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग त्याने शंखातले खेकडे आणि दोन क्लीनर कोळंब्या सोडल्या. सकाळी सगळे आडवे. त्याने दुकानदाराला दोष दिला आणि दुसरीकडून पुन्हा आणले. ते रात्रसुद्धा काढू शकले नाहीत. क्लाउनफिश जिवंत होता, पण खाणं सोडून कोपऱ्यात बसलेला.

मला फोन आला तेव्हा तो टेस्ट किटचे फोटो पाठवत होता, सगळे आकडे उत्तम. मी एवढंच विचारलं, पाणी कशातून आणलंस? घरातल्या निळ्या पिंपातून. घरची हापूसची बाग. मोहोर यायच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी औषध कालवायला तेच पिंप. साबणाने धुतलं होतं, उन्हात वाळवलं होतं, वाससुद्धा नव्हता. पण सायपरमेथ्रिनसारखी फवारणीची औषधं प्लॅस्टिकमध्ये मुरतात, आणि कोळंबी-खेकड्यांना ती इतक्या थोड्या मात्रेत मारतात की आपल्याकडचं कुठलंच किट ती दाखवणार नाही. सायकल करणारे जिवाणू त्यातही आपलं काम करत राहिले, म्हणून आकडे चांगले येत होते.

त्या टाकीतली वाळू फेकावी लागली. पाणी पुन्हा पुन्हा बदललं, कार्बन टाकून दगड बरेच दिवस नुसत्या खाऱ्या पाण्यात फिरवत ठेवले, तेव्हा कुठे त्यात कोळंबी टिकली. मुलगा गुणी होता, म्हणून थांबला. दुसरा कुणी असता तर टाकी विकून मोकळा झाला असता.

पहिल्या टाकीला समुद्राचं पाणी वापरूच नका, असं मी स्पष्ट सांगतो. रीफचं मीठ, म्हणजे कोरलच्या टाकीसाठी बनवलेलं मीठ, आणि आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही डीआयने काढलेलं) शून्य टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार शून्य असलेलं पाणी घ्या. घरच्या पिण्याच्या आरओमधून ४०-५० टीडीएसचं पाणी येत असेल तर ते पुरेसं नाही, त्याला पुढे डीआयचा डबा जोडा. पुढे कधी समुद्राचं पाणी आणायचंच असेल तर डिसेंबर ते एप्रिल, होडीने बाहेर जाऊन. आणि पिंपं नवी, अन्नाच्या दर्जाची. माझ्या पिंपांवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत "टाकी" लिहिलेलं आहे आणि घरातलं कुणीही त्यांना दुसऱ्या कामासाठी हात लावत नाही.

"समुद्राचंच मीठ आहे की!"

शिरोड्याच्या मिठागरांचा इतिहास मोठा आहे, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला. पण ते मीठ टाकीत घालू नका. मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा कॅल्शियम जिप्सम होऊन आधीच खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जातं. हाती येतं ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. कोरलचा सांगाडा ज्याने बनतो ते कॅल्शियम साधारण ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्ष भागांत तेवढे भाग), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची पीएच सांभाळायची ताकद, ८-९ डीकेएच (तिचं एकक) लागते. खडेमिठात यातलं पुरेसं काहीच नसतं. रीफचं मीठ महाग वाटतं हे मला कळतं. २०० लिटरला सात-साडेसात किलो लागतं, तेवढं आधी जमवा, मग टाकी आणा. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका, आणि पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) लावून रात्रभर फिरू द्या.

पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे सायकल झालं नाही

दुसरी चूक घाईची. ही चूक बघून मला राग येतो, कारण तिची किंमत माशाला मोजावी लागते. टाकी भरली, दोन दिवसांत धूळ बसली, पाणी काचेसारखं झालं, लाइट लावला, पाहुणे आले, आणि चौथ्या दिवशी डॅमसेल मासा आत. "दुकानात सांगितलं, जिवाणूंची बाटली ओता आणि संध्याकाळी मासे सोडा." असं सांगणारे आहेत, आणि ऐकणारेही आहेत.

मासा पाण्यात अमोनिया सोडतो. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते दगडाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर वस्ती करतात आणि फार सावकाश वाढतात. ड्राय रॉकने (कोरड्या, जिवाणू नसलेल्या दगडाने) सुरू केलेल्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात, कधी आठही. गोड्या पाण्याचे मासे पाळलेल्यांना हे पटत नाही. पण तिथे पीएच ७ च्या आसपास असतो. आपल्या टाकीत तो ८.२ असतो, आणि त्या पीएचला अमोनियाचा साधारण दहापट मोठा भाग विषारी रूपात असतो. किटवर तोच रंग, पण कल्ल्यांची जळजळ वेगळी.

मी अमोनियम क्लोराइड वापरतो, प्रयोगशाळेच्या दर्जाचं. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजेही तेच, पण त्यात काय काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही. २०० लिटर पाण्याला साधारण सव्वा ग्रॅम घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. ५ च्या वर जाऊ देऊ नका, तिथे जिवाणूच दबतात आणि सायकल अडकतं. पाणी २६-२७ अंशांवर, पॉवरहेड चालू, लाइट बंद. हो, बंद. रिकाम्या टाकीवर लाइट पाडून फक्त शेवाळ वाढतं. मग दोन-तीन दिवसांनी मोजा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. नायट्राइट बराच काळ उतरत नाही, आणि लोक धीर सोडतात ते नेमके इथे. त्या काळात नायट्रेटचं किटही खोटा मोठा आकडा दाखवतं, कारण त्याला नायट्राइटही नायट्रेटच वाटतं, त्यामुळे ते तेव्हा वापरूच नका. नवं २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर सायकल झालं. मोठा वॉटर चेंज करून नायट्रेट खाली आणा आणि मग एक मासा, फार तर दोन.

जिवाणूंची बाटली वाईट नसते, तिने वेळ वाचू शकतो. पण मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस भाजून आलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल? मागवायचीच तर थंडीत मागवा, आणि बाटली ओतली तरी मोजणं सोडू नका. एक कोळंबी टाकून सडू देण्याची पद्धतही चालते, पण त्यात अमोनिया किती झाला हे आपल्या हातात राहत नाही आणि घरातल्यांचा या छंदावरचा जीव कायमचा उडतो.

डॅमसेल सोडून सायकल करणं मला मान्य नाही. "कणखर मासा आहे, जगतो" म्हणजे तो त्रास सोसून जगतो. शिवाय नंतर तो टाकीचा दादा होतो आणि त्याला पकडायला सगळे दगड काढावे लागतात. पहिला मासा हॅचरीत वाढलेला क्लाउनफिश घ्या. आपल्याकडे आता ते तयार होतात, ऐरोलीला कांदळवन कक्षाच्या केंद्रात अशी हॅचरी आहे. हे मासे दाण्याला सरावलेले असतात.

दगड, वाळू आणि कायदा

जांभा टाकीत घालू नका. तो झिजतो आणि त्यात लोह भरलेलं असतं. मिऱ्या, काळबादेवीकडची काळी वाळू तर अजिबात नको. त्यातले काळे कण इल्मेनाइट-मॅग्नेटाइटचे, ते काच पुसायच्या लोहचुंबकाला चिकटतात आणि पहिल्याच दिवशी काचेवर कायमचे ओरखडे. अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू आणि ड्राय रॉक घ्या.

आणि मालवणच्या खडपावरून किंवा कुठूनही कोरल तोडून आणू नका. कठीण कोरल, समुद्रपंखे, समुद्रघोडे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद आहे. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही उचलू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तरी "एक छोटा तुकडाच तर आहे" म्हणणारे भेटतात. तेवढा वाढायला कोरलला वर्षं लागलेली असतात. दुकानातून काही घेताना प्राण्याचं नेमकं नाव, पावती आणि तो कुठून आला याचे कागद मागा. मिळाले नाहीत तर परत फिरा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पाणी आटलं की वरून खारं पाणी ओततात. मीठ उडून जात नाही, फक्त पाणी जातं. भर गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर आणून समाधान मानू नका, ३५ च्या द्रावणाने तपासा.

सायकलनंतर तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ. हे येणारच. औषधं ओतू नका, लाइटचे तास कमी करा, गोगलगाई सोडा आणि थांबा.

टाकीवर पंखा लावून तापमान उतरवायचा सल्ला कोरड्या हवेच्या गावांतून आलेला आहे. आपल्याकडे मेच्या शेवटी हवा इतकी दमट असते की पाणी नीट आटतच नाही, आणि आटल्याशिवाय पंखा थंडावा देणार कसा? टाकी ३० च्या वर जात असेल तर चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे धरा, नाहीतर कोरलचा विचार पुढे ढकला.

राहिली वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. एवढं मोठं वादळ सोडा, आपल्याकडे पहिल्या वळवाच्या सरीलाही फांदी तारेवर पडते. पाणी फिरायचं थांबलं की आधी प्राणवायू कमी होतो, आणि पाणी गरम असेल तर तो मुळातच कमी असतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप मेच्या पहिल्या आठवड्यातच आणून ठेवा, जमल्यास पॉवरहेड इन्व्हर्टरवर घ्या, आणि एखाद्या रविवारी मुद्दाम मेन स्विच बंद करून दोन तास टाकीसमोर बसा. पंप आपोआप सुरू होतो का, किती वेळ चालतो, हे तेव्हाच बघून घ्या.