लॉर्ड रीडिंगच्या नोट्स काढायच्यात? निजामाच्या पत्रापासून सुरू करा
एमपीएससी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत व्हाइसरॉयची यादी असतीच, आणि त्यात रीडिंगपुढं काय असतंय तर 1921 ते 1926, मोपला, चौरीचौरा, काकोरी, संपलं. मी पण तेवढंच करून ठेवलं होतं. मग एका मॉक मुलाखतीत सर म्हणले, परभणीचे ना तुम्ही, मग रीडिंगचा तुमच्या भागाशी काही संबंध आला का ते सांगा, आणि मी आपला पंख्याकडं बघत बसलो.

तेव्हापासून मी हा माणूस शेवटाकडून वाचतो, आणि तुम्ही पण तसंच करा. कोऱ्या पानावर वर तारीख टाका, 27 मार्च 1926. त्या दिवशी रीडिंगनं निजामाला, म्हणजे मीर उस्मान अली खानला पत्र लिहिलं. आपले पणजोबा तेव्हा निजामाची रयत, त्यामुळं हे पत्र आपल्या घरचंच समजा.

भांडण वऱ्हाडाचं होतं. 1853 ला कंटिंजेंट फौजेच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडं गेलं, 1902 ला कर्झननं वर्षाला 25 लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं, आणि निजामाला ते परत पाहिजे होतं. सप्टेंबर 1925 ला त्यानं लिहिलं की परराष्ट्राचा विषय सोडला तर आमच्या राज्यात आम्ही तुमच्याइतकेच स्वतंत्र, नेमा कमिशन आणि होऊन जाऊ द्या. रीडिंगचं उत्तर असं की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे, कुठल्याच संस्थानिकानं बरोबरीच्या नात्यानं बोलणी करायचा हक्क सांगू नये, आणि एकदा निकाल लागलेला वाद त्याच पक्षकारांनी पुन्हा पुन्हा उकरणं बरं नाही.

हे शेवटचं वाक्य लाल पेननं लिहा. व्हाइसरॉय बोलतोय का वकील? कोर्टात त्याला रेस ज्युडिकाटा म्हणतात, बांधाच्या भांडणात तालुक्याला गेलेल्या कुणालाही विचारा. फक्त इथं पक्षकार पण इंग्रज आणि निकाल देणारे पण इंग्रज, एवढं सोडलं तर मुद्दा एकदम कायद्याचा! आता तुम्हाला आपोआप प्रश्न पडतो की हा माणूस आला कुठून, आणि तिथून मागं जायचं.

खरं नाव रुफस आयझॅक्स, 1860 चा जन्म, लंडनच्या ज्यू कुटुंबातला, बापाचा फळांचा घाऊक धंदा म्हणजे आपल्या मोंढ्यातल्या आडतीसारखं समजा. शाळा लवकर सुटली, पोरगा जहाजावर पोऱ्या म्हणून लागला आणि ते जहाज कलकत्त्याला आलं. म्हणजे हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो डेक घासायला आणि पुढच्या वेळी थेट व्हाइसरॉय म्हणून, हे मुलाखतीत सांगितलं तर समोरचे पेन खाली ठेवतेत. मधी शेअर बाजारात बुडाला, 1884 ला डिफॉल्टर ठरला, हजारो पौंडांचं कर्ज झालं, मग वकिली शिकून 1887 ला बॅरिस्टर. 1904 ला लिबरल पक्षाकडून रीडिंग गावचा खासदार, आणि 1914 ला उमराव झाला तेव्हा त्याच गावाचं नाव घेतलं. (गावाचा उच्चार रेडिंग आहे बरं का, आपल्या पुस्तकांत रीडिंग छापत्यात, पेपरात तेच लिहा, उगं शहाणपणा नको.)

वकील म्हणून एकच केस लक्षात ठेवा, पण नीट ठेवा. 1912, सेडन नावाचा विमा कंपनीचा माणूस, त्याच्यावर घरातल्या भाडेकरू बाईला आर्सेनिक घालून मारल्याचा आरोप. आयझॅक्स तेव्हा अ‍ॅटर्नी जनरल, सरकारी बाजू त्याच्याकडं. उलटतपासणीत सगळ्यांना वाटलं आता विषाचं, पैशाचं विचारणार. पहिल्यांदा विचारलं की बाई अमुक ते अमुक तारखेपर्यंत तुमच्याकडं राहिली ना, तो हो म्हणला. आणि लगेच, ती तुम्हाला आवडायची का? सेडन गडबडला, आवडायची का म्हणजे? हो, तेच विचारतोय. आवडायची म्हणावं तर तिच्या अंत्यविधीत केलेली काटकसर आडवी येती, नाही म्हणावं तर मेलाच. पुढं फाशी झाली त्याला.

त्याच वर्षी टायटॅनिकच्या चौकशीत सरकारतर्फे हाच उभा होता, एक ओळ पुरे.

मार्कोनी प्रकरण मात्र गाळू नका, बरेच क्लासवाले गाळतेत. आयझॅक्सचा भाऊ गॉडफ्रे इंग्लिश मार्कोनी या बिनतारी संदेशाच्या कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर, कंपनीला सरकारी काम मिळायचं चाललेलं, आणि यानं अमेरिकन मार्कोनीचे 10,000 शेअर घेतले. ऑक्टोबर 1912 ला संसदेत सांगितलं की त्या कंपनीच्या शेअरमध्ये माझा व्यवहार नाही. शब्दाला शब्द खरं, कारण शेअर अमेरिकन कंपनीचे होते ना! 1913 ला ते बाहेर आलं, लई गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात साहेब लॉर्ड चीफ जस्टिस, म्हणजे इंग्लंडचे सरन्यायाधीश. माझ्या मते सेडनला अडकवणारा आणि संसदेतून निसटणारा वकील एकच, म्हणून या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहा.

व्हाइसरॉयचा काळ तुमच्या वहीत आधीच आहे, त्यात तीन गोष्टी वाढवा: मे 1921 ला शिमल्यात गांधीजींशी भेटी, मार्च 1922 ला त्यांनाच अटक, आणि 1923 ला कायदेमंडळाचा विरोध डावलून मिठावरचा कर दुप्पट. पुढं 1931 ला थोडे महिने ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री, 1935 ला वारला.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात थोडी जागा ठेवा, कारण पुढचा प्रश्न येतोच की मग वऱ्हाडाचं काय झालं. तिथं लिहा, 1936 च्या करारात वऱ्हाडावर निजामाचं सार्वभौमत्व कागदावर मान्य झालं, युवराजाला प्रिन्स ऑफ बेरार (बेरार म्हणजे वऱ्हाडच) ही पदवी मिळाली, आणि कारभार इंग्रजांकडंच राहिला.