दोघं मिळून परदेशी स्थायिक होताय? मग या चुका टाळा

ऑफर लेटर एकाच्याच नावाने येतं आणि गडबड तिथूनच सुरू होते. पगार किती, रुजू कधी व्हायचं, सामान हलवायचा खर्च कंपनी देणार का, ही सगळी चौकशी ज्याला नोकरी लागली त्याच्यासाठी होते. दुसऱ्याबद्दल घरात एवढंच बोललं जातं की ‘तिथे गेल्यावर काहीतरी मिळेलच.’ आम्ही निघालो तेव्हा हे वाक्य माझ्याबद्दल होतं, आणि ते मीच म्हटलं होतं. त्यानंतर चौदा महिने मी नोकरीशिवाय काढले. त्यातले निम्मे तरी निघण्याआधी नीट चौकशी केली असती तर वाचले असते. म्हणून हा लेख मी त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने लिहिते आहे. तो दुसरा माणूस नवरा असो की बायको.

जोडीदाराच्या व्हिसाच्या अटी न वाचणं

‘डिपेंडंट व्हिसा’, म्हणजे नोकरी लागलेल्याच्या आधाराने जोडीदाराला मिळणारा व्हिसा, हा शब्द सगळीकडे ऐकू येतो, पण त्याबरोबर मिळणारे हक्क देशागणिक बदलतात. जर्मनीत ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला नोकरी करायची पूर्ण मुभा असते, आणि व्हिसासाठी आधी जर्मन भाषेची परीक्षा देण्याची अटही त्याला नसते. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो, आणि त्यावर मुळात कामाची परवानगी नसते. मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना वेगळा परवाना काढता येतो, पण त्यासाठी साधारणपणे मुख्य व्हिसाधारकाची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेली असावी लागते. त्याच अमेरिकेत कंपनीने अंतर्गत बदली करून एल-१ वर पाठवलं, तर एल-२ वरच्या जोडीदाराला काम करता येतं. म्हणजे देश एकच, पगारही तोच असेल, पण व्हिसाचं एक अक्षर बदललं की दुसऱ्याचं करिअर सुरू राहतं किंवा थांबतं.

म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला लेखी विचारा. व्हिसाचा नेमका प्रकार कोणता? जोडीदाराला कामाची परवानगी आपोआप मिळते की वेगळा अर्ज करावा लागतो? वेगळा अर्ज असेल, तर तो पोहोचल्यावर लगेच करता येतो का? हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, नोकरी देणाऱ्याला आपण फार चिकित्सक वाटू अशी भीती असते. तरी विचाराच. आणि आलेलं उत्तर त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत माहितीशी ताडून बघा, कारण एचआरला मुख्य कर्मचाऱ्याच्या व्हिसाची जितकी माहिती असते तितकी जोडीदाराच्या व्हिसाची असतेच असं नाही.

तीन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राच्या अनुभवावर तर अजिबात विसंबू नका. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार बरोबर नेण्याची सोय बंद केली. त्याच वर्षी मार्चमध्ये केअर वर्करच्या बाबतीतही तेच झालं. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या ओपन वर्क परमिटचे (कोणत्याही कंपनीत काम करू देणाऱ्या परवान्याचे) निकष कडक केले. मित्र खोटं सांगत नाही, त्याच्या वेळी तसंच होतं.

जाऊन पोहोचलात आणि मगच कळलं की काम करता येत नाही, तर? स्वतःच्या नोकरीवर किंवा शिक्षणावर व्हिसाचा प्रकार बदलता येतो का, हे आधी शोधा. तोवर ‘घरी बसून मायदेशातल्या कंपनीचं ऑनलाइन काम केलं तर कोणाला कळणार’ हा विचार मनात येईल, माझ्याही आला होता. बऱ्याच देशांत तेही कामच धरलं जातं, आणि परवानगीशिवाय केलेलं काम पुढच्या अर्जांना नडतं. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदाच का होईना, पैसे देऊन विचारा.

दोघांचं राहणं एकाच नोकरीवर टांगून ठेवणं

मुख्य व्हिसाधारकाची नोकरी गेली की डिपेंडंटचाही मुक्काम धोक्यात येतो. अमेरिकेत एच-१बी धारकाला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. त्याआधी व्हिसाची मुदत संपत असेल, तर तितकेही दिवस मिळत नाहीत. एवढ्या वेळात नवी नोकरी, घराचा करार, सामान, बँक, सगळं उरकायचं. म्हणून निदान चार-सहा महिन्यांचा खर्च आणि दोघांच्या परतीच्या तिकिटांचे पैसे बाजूला ठेवूनच निघा. आणि दुसऱ्याचा स्वतंत्र व्हिसा शक्य झाला की तो काढा, मग पगार थोडा कमी असला तरी चालेल. माझं हे ठाम मत आहे. वेगळ्या व्हिसामुळे घरात जी निश्चिंती येते तिची भरपाई पगारवाढ करू शकत नाही.

कागदांवरची नावं न जुळणं

ही चूक किरकोळ वाटते, पण मला सगळ्यात जास्त याच चुकीने रडवलं. माझ्या पदवीवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, आणि या दोहोंना जोडणारा एकमेव कागद म्हणजे विवाह प्रमाणपत्र. त्यातच त्या प्रमाणपत्रावर माझ्या माहेरच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलेलं. काउंटरपलीकडच्या बाईंनी पदवी आणि प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवलं, पेन्सिलचं टोक एकेका अक्षरावर टेकवत पुढे नेलं, आणि त्या जास्तीच्या अक्षरापाशी थांबल्या. काही बोलल्या नाहीत. फाईल बंद करून माझ्याकडे सरकवली. दुरुस्त प्रमाणपत्र मिळवायला तीन महिने गेले, कारण ते ज्या कार्यालयाने दिलं होतं ते आता हजारो किलोमीटर दूर होतं.

तेव्हा अर्ज भरायला बसण्याआधी दोघांचे जन्मदाखले, पदव्या, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि अनुभवपत्रं एका टेबलावर पसरा आणि नाव, जन्मतारीख, जन्मगाव अक्षरन् अक्षर जुळवा. आपलं स्वतःचं नाव आपण वाचत नाही, नुसतं ओळखतो. म्हणून त्याचे कागद तिने तपासावेत आणि तिचे त्याने.

दुरुस्त्या झाल्या की मगच अपोस्टिल. परदेशी कागद खरा आहे हे सांगणारा हा शिक्का १९६१च्या हेग करारातून आला, आणि करारातल्या देशांत तो बहुतांशी पुरतो. कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ पासूनच लागू झाला. संयुक्त अरब अमिरातीसारख्या कराराबाहेरच्या देशासाठी दूतावासातून साक्षांकन करून घ्यावं लागतं आणि त्याला जास्त वेळ लागतो. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी शिक्का आणि मग दुरुस्ती, तर शिक्क्याचा खर्च पुन्हा करावा लागतो. कागदांना मुदतही असते. इंग्रजीच्या परीक्षेचा, म्हणजे आयईएल्‌टीएस‌चा निकाल दोन वर्षं चालतो, पोलीस क्लिअरन्स बहुतेक ठिकाणी काही महिनेच ग्राह्य धरतात. त्यामुळे सगळं एकदम काढून ठेवण्यात शहाणपण नाही.

पदवी तिथेही चालेल असं गृहीत धरणं

सॉफ्टवेअरवाल्यांना याची झळ फारशी लागत नाही. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, शिक्षक, आर्किटेक्ट, वकील यांना मात्र तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, आणि ती परीक्षा, भाषा, प्रशिक्षण धरून दोन-तीन वर्षंही खाऊ शकते. जोडप्यातला एक इंजिनिअर आणि दुसरी फिजिओथेरपिस्ट असेल, तर देश फिजिओथेरपिस्टकडे बघून निवडा. इंजिनिअरला पर्याय जास्त आहेत. मूल्यांकनासाठी गुणपत्रिका अनेकदा विद्यापीठाकडून थेट, बंद पाकिटात किंवा ऑनलाइन जाव्या लागतात, त्यामुळे हे काम मायदेशात असतानाच सुरू केलेलं बरं.

घर आणि बँक एकाच्याच नावावर

पोहोचल्यावर एक चक्र सुरू होतं. बँक पत्ता मागते, घरमालक बँक खातं मागतो. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं, आणि तात्पुरत्या मुक्कामाच्या बऱ्याच जागा ते पत्र देत नाहीत. पहिल्या महिन्याची जागा ठरवतानाच ‘इथे नोंदणी करता येईल का’ हे विचारून घ्या.

करार, वीजबिल, इंटरनेट यांपैकी काहीतरी दुसऱ्याच्या नावावर हवंच. नाहीतर त्याच्याकडे पत्त्याचा पुरावाच राहत नाही. मग त्याचं खातं अडतं, आणि बँकेत पगार कुठे जमा करायचा म्हणून नोकरीही रेंगाळते. आमच्या घरी पहिले काही महिने मला वाणसामानासाठी नवऱ्याचं कार्ड मागावं लागे. त्याने कधी नाही म्हटलं नाही, तरी मागताना मला बरं वाटायचं नाही.

कराबद्दल थोडक्यात. वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलं की कर लागत नाही, ही समजूत अपुरी आहे. कायमचं घर कुठे आहे, कुटुंब कुठे आहे, हेही अनेक देश बघतात. एक आधी गेला आणि दुसरी सहा महिन्यांनी, तर दोघांचा करनिवास, म्हणजे करासाठी कोणत्या देशाचे रहिवासी धरतात ते, त्या वर्षी वेगळा ठरू शकतो. जायची तारीख ठरवण्याआधी सीएला भेटा.

अचानक परतावं लागेल याचा विचार न करणं

मायदेशातून रात्री फोन येतो आणि पहिलं विमान पकडावं लागतं. त्या वेळी व्हिसा मुदतवाढीसाठी गेलेला असेल तर? ब्रिटनमध्ये अर्जाचा निकाल लागायच्या आत देश सोडला की तो अर्ज मागे घेतला असं धरतात. तिथे कायम वास्तव्याच्या हिशेबात कोणत्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहणं साधारणतः चालत नाही. म्हणून शक्य असेल तिथे दोघांच्या मुदतवाढीचे अर्ज एकाच आठवड्यात टाकू नका. एकाचा पासपोर्ट नेहमी घरात, हाताशी असू द्या. आणि निघण्याआधी मायदेशातल्या विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र देऊन ठेवा, बँकेची आणि घराची कामं त्याला करता येतील एवढ्यापुरतं. आमच्याकडे ते होतं, त्यामुळे सासऱ्यांच्या आजारपणात नवरा पोहोचेपर्यंतचे दोन दिवस पैशांसाठी काही अडलं नाही.