सुगरणीची मादी की पिल्लू? ओळखताना या चुका टाळा

विणीच्या हंगामात पिवळ्या टोपीचा, गडद चेहऱ्याचा सुगरण नर चटकन ओळखू येतो. अडचण असते ती उरलेल्या तपकिरी पक्ष्यांची. पाठीवर गडद रेघा, पोट बदामी, डोळ्यावर फिकट भुवई असा हा वेष मादीचा असतो आणि पिल्लांचाही. हंगाम सरला की प्रौढ नरही तोच वेष घेतो. म्हणून 'पिवळा नाही, म्हणजे मादी' असं ठरवू नका.

त्याआधी जात नक्की करा. छातीवर ठसठशीत रेघा दिसल्या की अनेकजण 'पिल्लू' लिहून मोकळे होतात. पण पाणकणसात, लव्हाळ्यात दिसणारा असा पक्षी बहुधा वेगळ्या जातीचा, म्हणजे रेघाळ सुगरण असतो. साध्या सुगरणीच्या मादीची छाती जवळपास कोरी असते. चिमणीच्या मादीशीही गल्लत होते. चिमणीचं डोकं वरून सपाट राखाडी-तपकिरी असतं, सुगरणीच्या डोक्यावर रेघा असतात आणि चोच जाड, शंकूसारखी असते.

वय ओळखायचं तर आधी चोचीच्या मुळाकडे पाहा. घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेल्या पिल्लाची जिवणी, म्हणजे चोचीच्या कोपऱ्याची कातडी, फिकट पिवळसर आणि फुगीर दिसते. मादीची जिवणी घट्ट मिटलेली असते. ही खूण काही आठवड्यांतच नाहीशी होते, त्यामुळे जिवणी फुगीर नाही एवढ्यावरून पक्षी प्रौढ ठरत नाही. मग पिसं पाहा. अंडी उबवून, पिल्लं वाढवून झालेल्या मादीची पिसं हंगामाच्या अखेरीस झिजलेली, टोकांना विरलेली असतात, तर पिल्लाची नवी, मऊ आणि रुंद बदामी कडांची. हा फरकही तात्पुरताच. प्रौढ पक्षी हंगामानंतर पिसं टाकतात आणि पिल्लंही चार ते सहा महिन्यांत पहिला पिसारा बदलतात.

वागणूक पाहतानाही घाई नको. पंख थरथरवत, चोच वासून मोठ्या पक्ष्याकडे तोंड करून बसलेलं ते पिल्लू. घरट्याला लटकून पंख फडफडवणारा मात्र मादीला बोलावणारा नर असतो.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची चूक, कारण ती अनुभवी निरीक्षकांच्या नोंदीतही सापडते. चोचीत गवताची पाती धरून विणणारा तपकिरी पक्षी दिसला की तो मादी समजला जातो. पण सुगरणीत घरटं विणतो नर. मादी अर्धवट घरट्याची पाहणी करते, पसंत पडलं तर आतली डागडुजी करते. बाहेरून ओबडधोबड विणत बसलेला तपकिरी पक्षी बहुतेक वेळा सराव करणारा तरुण नर असतो. त्याच्या डोक्यावर, छातीवर पिवळ्या पिसांची ठिगळं आहेत का, ते नीट पाहा. मात्र कोवळ्या उन्हात बदामी रंगही पिवळा भासतो, तेव्हा एकाच फोटोवर विसंबू नका.

हिवाळी थव्यात यातल्या बहुतेक खुणा उपयोगी पडत नाहीत. तिथे 'मादीसारखा वेष, वय-लिंग अनिश्चित' अशी नोंद करावी. अंदाजाने 'मादी' लिहिलं तर थव्यातले नर आणि पिल्लं त्याच आकड्यात मिसळतात आणि पुढे ते वेगळे काढता येत नाहीत. फोटो काढताना एक बाजूने, जिवणी स्पष्ट दिसेल असा घ्या आणि दुसरा समोरून, छातीचा. तारीख आणि अधिवासही लिहून ठेवा.