खालच्या लीगमध्ये फुटबॉल खेळून पोट भरायचंय? आधी मधल्या महिन्यांचं बघा

कोल्हापूर, पुणे, मुंबईकडच्या पोरांचे मेसेज सारखे येतात, दादा प्रो कसं व्हायचं, ट्रायल कधी असते, एजंट लागतो का. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी मिडफिल्डर, सुरुवात कोल्हापुरात तालमीकडून (इथे पेठांतली तालीम मंडळंच फुटबॉल टीम चालवतात), मग मुंबईची लीग, गोव्याची प्रो लीग आणि आय-लीग २ मधले काही सीझन. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, मी टीव्हीवरच बघितली, त्यामुळे वरच्या लेव्हलचं ज्ञान माझ्याकडून मिळणार नाही.

शिडी थोडक्यात सांगतो. वर आयएसएल, खाली आय-लीग, मग आय-लीग २, २०२३ पासून आय-लीग ३, आणि त्याखाली राज्यांच्या लीग. नावं आणि फॉरमॅट अधूनमधून बदलतात, त्यात जीव अडकवू नका. खरा मुद्दा असा की खालच्या लीगचा सीझन काही महिन्यांचाच असतो आणि करार बहुतेक वेळा तेवढ्यापुरताच. सीझन संपला की पगार बंद, मेस बंद, रूमची चावी परत. बरीच पोरं विचार करतात की मॅच कशी खेळायची, पण खालच्या लीगमध्ये कोण टिकतं आणि कोण गळतं ते मधल्या रिकाम्या महिन्यांत ठरतं, हे माझं ठाम मत आहे.

आमच्या आधीच्या पिढीला हा प्रश्न एवढा नव्हता. मुंबईत एअर इंडिया, ओएनजीसी, रेल्वे, बँका यांच्या टीम होत्या, म्हणजे खेळायचं आणि नोकरीही चालू. २०१३ मध्ये क्लब लायसन्सिंगच्या, म्हणजे क्लबला लीग खेळायची परवानगी देण्याच्या, निकषांवर एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगमधून बाहेर गेले. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड बंद पडलेलीच होती, पुढे पुण्यातल्या टीमही एकेक करून गेल्या. म्हणून आज महाराष्ट्रातल्या पोराने बॅग भरून गोवा, बंगळुरू, दिल्ली, कोलकाता कुठेही जायची तयारी ठेवायची, घरी बसून क्लब मिळत नाही.

कोल्हापूरच्या पोरांना वेगळं सांगतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींसारखी मोठी मॅच खेळलेल्या पोराला वाटतं आपण स्टारच आहोत, आणि त्या दिवशी असतोही, पेठेत फुकट चहा मिळतो राव. पण आय-लीग २ च्या मॅचला स्टँडमध्ये कधी कधी दोन्ही टीमचे राखीव खेळाडू, ॲम्ब्युलन्सवाला आणि एखाद्याचे काका एवढेच असतात. तालमीच्या गर्दीची सवय झालेल्यांना हे फार लागतं, मला लागलं. आणि फिफाच्या व्याख्येत लेखी करार आणि खर्चापेक्षा जास्त मोबदला असेल तरच तुम्ही प्रोफेशनल, त्यामुळे तालमीने पाकिटात दिलेले पैसे कितीही असले तरी कागदावर तुम्ही अमॅच्युअरच. तरी कोल्हापूरला कमी लेखू नका, फुटबॉलपटू अनिकेत जाधव इथूनच सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. पण तो लहान वयात बाहेर पडला हे लक्षात घ्या, बाविशीत पहिली ट्रायल देणाऱ्याची गोष्ट वेगळी असते.

ट्रायल म्हणजे काय ते जवळून सांगतो. पन्नास-साठ पोरं, रंगीत बिब, त्यावर मार्करने नंबर, आणि वीस मिनिटांचा गेम. एकमेकांना कोणी ओळखत नाही, सगळ्यांनाच दिसायचंय, त्यामुळे बॉल आला की जो तो ड्रिबल मारत सुटतो. कोच मात्र बॉल नसताना तुम्ही कुठे उभे आहात ते बघत असतो, हे मला एका कोचनेच नंतर सांगितलं. मिडफिल्डर असाल तर बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघा, दोन टचमध्ये सोडा, आणि बॅकवाल्यांशी मोठ्याने बोला. अनोळखी पोरांत जो बोलतो तो लगेच डोळ्यात भरतो. पोझिशन विचारली तर एकच सांगा, "कुठेही खेळतो सर" म्हणणाऱ्याला कुठेच घेत नाहीत. ट्रायलसाठी कोणी पैसे मागितले, मग तो एजंट असो नाहीतर क्लबचा माणूस, तिथून सरळ निघा.

आता करार. माझ्या पहिल्या करारात महिन्याला पंधरा हजार आणि राहणं-जेवण क्लबचं होतं, आणि मला ते खूप वाटलेले. आकडा सगळेच बघतात, तुम्ही बाकीचं बघा. करार कोणत्या तारखेपर्यंत आहे, सीझन लांबला तर पगार मिळणार का, दुखापत झाली तर एमआरआय आणि ऑपरेशनचा खर्च कोणाचा, घरी जायचं तिकीट कोण देणार. सही केलेली कॉपी स्वतःकडे हवीच, "नंतर देतो" ऐकून घेऊ नका. एका क्लबने आमचे शेवटचे पगार थकवले तेव्हा ज्यांच्याकडे कॉपी होती त्यांनाच फेडरेशनकडे, म्हणजे देशाच्या फुटबॉल महासंघाकडे (एआयएफएफ), तक्रार करता आली, बाकीचे ग्रुपवर शिव्या घालत बसले. फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवस थांबून करार मोडता येतो, म्हणून जे काही मागायचं ते ईमेलवर मागा, फोनवर नको.

फेडरेशनची ऑनलाइन रजिस्ट्रेशन सिस्टीम, म्हणजे सीआरएस, त्यावरचं आपलं नाव, जन्मतारीख आणि क्लब सीझन संपल्या संपल्या तपासा. जुन्या क्लबने रिलीज, म्हणजे तुम्हाला सोडल्याची नोंद, अडकवून ठेवलं आणि ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलायची मुदत, बंद झाली की नवा क्लब तुमच्यासाठी थांबत नाही, दुसरा घेतो.

मग रिकाम्या महिन्यांत पैसे कुठून? मोह होतो सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलचा. केरळात मलप्पुरमकडे सेव्हन्सच्या टुर्नामेंटला तुफान गर्दी असते आणि मॅचवर रोख पैसे मिळतात, कोलकात्याकडे याच प्रकाराला खेप म्हणतात. घरची परिस्थिती बघून पोरं जातात, मी कोणाला नावं ठेवणार नाही. पण फेडरेशनची मान्यता नसलेल्या स्पर्धेत रजिस्टर्ड खेळाडूवर कारवाई होऊ शकते, आणि तिथल्या खडबडीत ग्राउंडवर गुडघा गेला तर कोणताच क्लब बिल भरत नाही. माझ्या रूममेटची लिगामेंट अशीच गेली, वर्ष गेलं आणि घरच्यांचं कर्ज वर.

त्यापेक्षा डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचं सुरुवातीचं लायसन्स, लवकर करा. टर्फवर संध्याकाळी लहान मुलांच्या बॅच घेतल्या तर खोलीचं भाडं निघतं, सकाळ स्वतःच्या ट्रेनिंगला मोकळी राहते. ग्रॅज्युएशन बाहेरून का होईना पूर्ण करा. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या कामगिरीवर चालतं आणि क्रीडा खात्याकडून सर्टिफिकेटची पडताळणी करून घ्यावी लागते, क्लबकडून लीग खेळलो एवढ्यावर भागत नाही. म्हणून संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्यांच्या टीममधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, राज्य कॅम्पला बोलावलं तर क्लबशी बोलून काहीही करून जा. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिराती निघतात त्यावरही लक्ष ठेवा, वयाची अट निघून गेली की मग हळहळण्यात अर्थ नाही.

वरच्या लेव्हलला सगळं सुरक्षित असतं असंही समजू नका. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा सीझन होल्डवर गेला आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने फर्स्ट टीमचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. वर असं झालं की तिथले खेळाडू खाली जागा शोधतात आणि आपल्यासारख्यांच्या जागा कमी होतात. अशा वर्षी आकड्यावरून घासाघीस करत बसू नका, ज्या क्लबचा कोच तुम्हाला खरंच खेळवणार आहे तिथे थोडे कमी पैसे घेऊन सही करा, कारण पुढच्या ट्रायलला लोक तुमच्या पूर्ण मॅचचा व्हिडिओ मागतात आणि बेंचवर बसलेल्याचा व्हिडिओ नसतो.